घरच्या व्हिडिओ पीसीसाठी कमी वीज खाणारे भाग कसे निवडावेत

दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडलेला पीसी दिवसातून चार-पाच तास चित्रपट, नाटकाचे चित्रीकरण किंवा क्रिकेटचा सामना दाखवतो आणि उरलेला वेळ एक तर बंद असतो, किंवा कोणीतरी बंद करायला विसरले म्हणून नुसताच चालू राहतो. अशा पीसीचे सुटे भाग घ्यायला गेल्यावर दुकानात चर्चा मात्र गेमिंगच्या पीसीसारखीच होते: किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, किती वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). व्हिडिओ दाखवणाऱ्या पीसीचे वीजबिल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. व्हिडिओ उलगडण्याचे (डीकोड करण्याचे) काम त्यासाठी बनवलेल्या खास सर्किटकडे जाते की प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे सगळी कामे करणाऱ्या सर्वसाधारण भागांवर पडते, ही पहिली. आणि काहीच काम नसताना संपूर्ण संच भिंतीतल्या सॉकेटमधून किती वॅट ओढतो, ही दुसरी. भाग निवडण्याचा क्रम मी या दोन गोष्टी धरूनच खाली मांडला आहे.

खरेदीपूर्वीचे मोजमाप

आज घरात जो पीसी आहे तो किती वीज घेतो हे माहीत असल्याशिवाय नव्या पीसीने काय वाचेल हे सांगता येत नाही. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारे छोटे वॅटमीटर मिळते, ते सर्वांत सोयीचे. ते नसेल तर घरच्या वीजमीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवाही हे काम करतो. मीटरच्या दर्शनी भागावर एका युनिटला तो दिवा किती वेळा लुकलुकतो हा आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० असेल, तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजून ११२५ ला त्या संख्येने भागले की त्या क्षणी घरात चालू असलेला भार वॅटमध्ये मिळतो. आकडा वेगळा असेल तर ३६ लाखांना आधी त्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागावे. फ्रिज, पंखे, राउटर असे सगळे बंद करून फक्त पीसी चालू ठेवायचा आणि मनगटी घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहायचे. फार कमी भारावर घरचे मीटर तितके नेमके मोजत नाही, म्हणून दहा-वीस वॅटचे यंत्र मोजताना सोबत माहितीतला एखादा दिवा लावावा आणि त्याचा भार नंतर वजा करावा.

माझा जुना असेंबल्ड पीसी, म्हणजे तिसऱ्या पिढीचा आय५, एक साधे ग्राफिक्स कार्ड आणि ५०० वॅटचा एसएमपीएस, काहीही न करता ५२ वॅट ओढत असल्याचे मला असेच कळले. दिवा साधारण साडेएकवीस सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. त्याच्या जागी आणलेला एन१०० प्रोसेसरचा छोटा पीसी स्वस्थ बसलेला असताना ८ वॅट आणि चित्रपट चालू असताना १२ वॅटच्या आसपास घेतो.

आता हिशेब. पीसी चोवीस तास चालू राहत असेल तर ४४ वॅटच्या फरकाने वर्षाला सुमारे ३८५ युनिट वाचतात. तोच पीसी रोज चारच तास लावून नंतर बंद केला जात असेल, तर वाचणारे युनिट वर्षाला ७० च्या घरात राहतात. सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पडतात असे मानले, तर पहिल्या घरात वर्षाला ३,८५० रुपये वाचतील आणि दुसऱ्यात ७००. महावितरणच्या घरगुती दरांत १००, ३०० आणि ५०० युनिटांना टप्पा बदलतो आणि वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतात, तेव्हा आपल्या बिलावरचा शेवटच्या टप्प्याचा दर धरूनच हे गणित करावे.

यावरून माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांचा जुना पीसी नीट चालतो आणि वापरानंतर खरोखरच बंद होतो, त्यांनी केवळ विजेसाठी नवे यंत्र घेऊ नये. त्याची किंमत वसूल व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतील. त्याऐवजी त्यातले नको असलेले ग्राफिक्स कार्ड आणि जास्तीची हार्डडिस्क काढून टाकावी आणि पुढे सांगितलेल्या सेटिंग करून पाहाव्यात. नवी खरेदी शोभते ती पीसी दिवसरात्र चालणाऱ्या घरात, किंवा जुन्या पीसीला आजचे व्हिडिओ झेपेनासे झाले आहेत अशा घरात.

आपल्या फायली कोणत्या प्रकारच्या आहेत

प्रोसेसर निवडण्याआधी आपण काय पाहतो याची यादी करावी. व्हीएलसीमध्ये फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे ही कळ दाबली की त्या फाइलचा कोडेक (व्हिडिओ आवळून साठवण्याची पद्धत), रिझोल्यूशन आणि रंगांची बिटसंख्या दिसते. आपल्या संग्रहातल्या दहा-बारा फायली अशा तपासल्या की चित्र स्पष्ट होते.

एच.२६४ हे मानक २००३ चे आहे आणि आज बाजारात असलेला जवळपास प्रत्येक ग्राफिक्स भाग ते खास सर्किटवर उलगडतो. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, २०१३ मध्ये आले. फोरके चित्रपट आणि हल्लीच्या बऱ्याच मोबाइल कॅमेऱ्यांच्या फायली त्यात असतात, आणि त्यातही ८ बिट आणि १० बिट असे दोन पोटप्रकार असल्यामुळे इथे खूप फसगत होते. यूट्यूब फोरके चित्र एच.२६४ मध्ये देत नाही, व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये देते. एव्ही१चे मानक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचे सर्किट असलेले ग्राफिक्स २०२० पासून पुढेच मिळू लागले.

खास सर्किट असणे आणि नसणे यांत काय फरक पडतो, हे मी माझ्या जुन्या पीसीवर एका रात्री पाहिले. वडिलांसाठी एक जुना चित्रपट लावला होता. फाइल फोरके, एचईव्हीसी, १० बिट. पाच मिनिटांत कॅबिनेटचा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागला आणि चित्र अडखळू लागले. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसरचे चारही कोअर ९० टक्क्यांच्या वर होते आणि ग्राफिक्सच्या पानावरचा ‘व्हिडिओ डीकोड’ हा आलेख तळाला चिकटून सरळ रेषेत पडला होता. वॅटमीटर ११० दाखवत होते. तीच फाइल आज एन१०० वर लावली की डीकोडचा आलेख २०-३० टक्क्यांवर शांतपणे चालतो आणि प्रोसेसर जवळजवळ मोकळा असतो. कारण साधे आहे. डीकोडरचे सर्किट एकच गणित करण्यासाठी बांधलेले असते. तेच गणित सर्वसाधारण कोअरला सूचना वाचत, आकडे स्मृतीतून आणत-नेत करावे लागते, आणि त्या ये-जा करण्यातच वीज जाते.

१० बिटचे एच.२६४ हा एक अपवाद ध्यानात असू द्यावा. काही ॲनिमे मालिकांच्या फायली या प्रकारात मिळतात, आणि घरगुती पीसीच्या जवळजवळ कोणत्याच ग्राफिक्समध्ये त्याचे सर्किट नाही. त्या बहुधा १०८० रेषांच्याच असल्याने प्रोसेसर त्या निभावून नेतो, पण फाइल हार्डवेअरवर का जात नाही याचा शोध घेण्यात संध्याकाळ घालवू नये.

प्रोसेसर आणि त्यातले ग्राफिक्स

वेगळे ग्राफिक्स कार्ड घेऊच नये, हा पहिला नियम. प्रोसेसरमधले अंगचे ग्राफिक्स व्हिडिओसाठी पुरेसे असते आणि वेगळे कार्ड स्वस्थ बसूनही पाच ते पंधरा वॅट खाते. त्यामुळे नावाच्या शेवटी एफ असलेले इंटेलचे प्रोसेसर टाळावेत, कारण त्यांत ग्राफिक्स चालू नसते. एएमडीच्या ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप मालिकांत शेवटी जी असलेलेच प्रोसेसर घ्यावे लागतात. ७००० मालिकेपासून एफ नसलेल्या इतर प्रोसेसरमध्येही छोटे ग्राफिक्स आहे.

इंटेलमध्ये २०१७ च्या सुमारास डेस्कटॉपवर आलेल्या सातव्या पिढीपासून १० बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ पूर्णपणे सर्किटवर चालतात. सहाव्या पिढीत एचईव्हीसी आहे, पण १० बिटचे काम अर्धेमुर्धे कोअरवर येते. सेकंडहँड बाजारात सहावी आणि सातवी पिढी शेजारी शेजारी, जवळजवळ एकाच किमतीला मिळत असताना हा फरक लक्षात ठेवावा. एव्ही१ अकराव्या पिढीपासून आहे. एएमडीमध्ये २०१८ च्या २२००जी आणि २४००जी पासून १० बिट एचईव्हीसी मिळते; लोकप्रिय असलेल्या ५६००जी मध्ये मात्र एव्ही१ नाही, ते ७००० मालिकेत आणि ८५००जी, ८६००जी यांत आहे. ७००० मालिकेचे डेस्कटॉप प्रोसेसर एकाहून अधिक तुकड्यांचे बनलेले असल्याने स्वस्थ बसतानाही तुलनेने जास्त वीज घेतात, त्यामुळे या कामासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. एएमडीच घ्यायचा असेल तर एकाच तुकड्यावर असलेला जी प्रकारचा घ्यावा.

निव्वळ व्हिडिओ पाहण्यासाठी आज सर्वांत समतोल निवड मला इंटेलच्या एन१०० ची वाटते. हा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला. त्यात चार छोटे कोअर, २४ एककांचे ग्राफिक्स, आणि एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ या तिन्हींचे डीकोडर आहेत. याच घराण्यातला एन९५ स्वस्त पडतो, पण त्याचे ग्राफिक्स १६ एककांचे आणि टीडीपी (उष्णतेचा ठरवलेला आकडा) ६ ऐवजी १५ वॅट आहे. आधीच्या पिढीतला एन५१०५ अजून विकला जातो. त्यात एव्ही१ नाही, म्हणून यूट्यूब पाहणाऱ्याने तो घेऊ नये. आठ कोअरचा एन३०५ हा पीसीवर इतर कामेही चालवायची असतील तरच घ्यावा.

टीडीपीच्या आकड्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रोसेसर सतत काम करत असताना किती उष्णता बाहेर काढायची तयारी ठेवावी, हे तो आकडा सांगतो; स्वस्थ असताना तो किती वीज घेतो याबद्दल काहीही सांगत नाही. ६० वॅटचा आय३-१२१०० चांगल्या मदरबोर्डवर आणि योग्य सेटिंगने स्वस्थ असताना भिंतीतून पंधरा-वीस वॅटवर राहू शकतो. उलट काही छोट्या पीसींत एन१०० ची ६ वॅटची मर्यादा कारखान्यातूनच वाढवून ठेवलेली असते. नावाच्या शेवटी टी असलेले ३५ वॅटचे इंटेल प्रोसेसर मुद्दाम शोधून जादा पैसे देऊन घेणारे लोक मी पाहिले आहेत. तीच चिप, फक्त कमाल मर्यादा खाली आणलेली, असे ते असतात. छोट्या पेटीत कमी उष्णता व्हावी म्हणून ते उपयोगी आहेत, पण स्वस्थ असताना त्यांनी वीज वाचत नाही.

कार्यालयांतून निघालेले पुस्तकाएवढे छोटे पीसी, म्हणजे लेनोव्होचे टायनी, डेलचे मायक्रो, एचपीचे मिनी, हा तितकाच चांगला पर्याय आहे. आठव्या पिढीचा आय५-८५००टी असलेले असे यंत्र लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालते आणि स्वस्थ असताना साधारण दहा-बारा वॅट घेते. त्यात एव्ही१ नाही, बाकी सारे आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालते, त्यामुळे सातव्या पिढीची यंत्रे कार्यालयांच्या उपयोगाची राहिलेली नाहीत. आपल्या कामाला मात्र ती लिब्रइलेकसारख्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर कोडी हा व्हिडिओ प्लेयर चालवून पुरी पडतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास अशी यंत्रे पाहायला गेलात, तर आपली एक १० बिट एचईव्हीसी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जावे आणि दुकानातच लावून पाहावी.

ज्यांना जुना पीसीच ठेवायचा आहे आणि केवळ डीकोडरसाठी कार्ड बसवायचे आहे, त्यांनी खोक्यावरच्या ‘फोरके’ या शब्दावर विसंबू नये. जीटी ७१० हे कार्ड फोरके पडद्याला चित्र देते, पण एचईव्हीसी उलगडत नाही. जीटी १०३० उलगडते. आरएक्स ६४०० हे त्या दोहोंहून बरेच नवे कार्ड असूनही त्यात एव्ही१चा डीकोडर दिलेला नाही.

रास्पबेरी पाय ५ या एका पट्टीवरच्या छोट्या संगणकाचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण विजेच्या बाबतीत ते या सर्वांहून काटकसरी आहे. त्यात फोरके एचईव्हीसीचे सर्किट आहे, एच.२६४ साठी सर्किट नाही, पण १०८० रेषांपर्यंत त्याचे कोअर ते सहज करतात. व्हीपी९ आणि एव्ही१ साठीही सर्किट नाही. स्वतःचा चित्रपटसंग्रह कोडीवर पाहणाऱ्याला ते उत्तम. ब्राउझरमध्ये फोरके यूट्यूब पाहणाऱ्याला नाही.

पैसे भरून पाहायच्या ओटीटी सेवांचे मात्र वेगळे आहे. त्यांचे फोरके चित्र पीसीवर मिळण्यासाठी विंडोज, ठरावीक ब्राउझर किंवा ॲप, आणि टीव्हीपर्यंत एचडीसीपी २.२ या नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेची साखळी लागते, तर लिनक्सवर त्या सेवा खालच्या दर्जाचे चित्र देतात. घरात मुख्यतः ओटीटीच पाहिले जात असेल तर टीव्हीतलेच ॲप वापरावे. त्यात एक जास्तीचे यंत्र चालवण्याची वीजही वाचते.

टीव्हीपर्यंतची वाट

फोरके चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० लागते; १.४ वर ते ३० पर्यंतच जाते. इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीच्या ग्राफिक्सचे अंगचे एचडीएमआय १.४ च आहे, त्यामुळे वर सांगितलेल्या कार्यालयीन छोट्या पीसींना टीव्हीशी जोडताना त्यांचा डिस्प्लेपोर्ट वापरावा आणि त्याला एचडीएमआय २.० मध्ये रूपांतर करणारे ‘ॲक्टिव्ह’ अडॅप्टर लावावे. साधे, स्वस्त अडॅप्टर घेतले तर पुन्हा ३० वरच अडकाल.

एसएमपीएस: वीज इथेच सर्वाधिक वाया जाते

या भागाकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एसएमपीएसवर ८० प्लसचे जे बिल्ले असतात, त्यांची चाचणी त्याच्या क्षमतेच्या २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. फक्त टायटॅनियम या सर्वांत वरच्या दर्जात १० टक्क्यांवरची चाचणीही असते. आता ५०० वॅटचा एसएमपीएस घ्या. त्याचे २० टक्के म्हणजे १०० वॅट. आपला व्हिडिओ पीसी १५ वॅटवर चालणार, म्हणजे ३ टक्क्यांवर, आणि तिथे ब्राँझ काय आणि गोल्ड काय, बिल्ला काहीच बोलत नाही. इतक्या कमी भारावर एसएमपीएसचा स्वतःचा ठरलेला खर्च, म्हणजे त्यातली नियंत्रक सर्किटे, ट्रान्सफॉर्मरमधली हानी आणि पंखा, हाच मोठा वाटा होऊन बसतो आणि स्वस्त एसएमपीएसची कार्यक्षमता ७० टक्क्यांच्याही खाली घसरते. ‘पुढे लागला तर’ म्हणून ६५० वॅटचा घ्या, असा सल्ला दुकानदार मनापासून देतो. व्हिडिओ पीसीच्या बाबतीत तो सल्ला मानू नये.

यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे एसएमपीएसच नसलेली रचना. लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालणारे तयार छोटे पीसी तर आहेतच, पण ज्यांना स्वतः जुळवायचे आहे त्यांच्यासाठी थेट अडॅप्टर घेणारे मदरबोर्डही मिळतात. एएसरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स हा १९ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा बोर्ड त्याचे उदाहरण. चोवीस पिनांचाच बोर्ड असेल तर पिकोपीएसयू प्रकारची छोटी पट्टी त्या सॉकेटमध्ये बसवून बाहेरून १२ व्होल्टचे अडॅप्टर जोडता येते. अडॅप्टरच्या लेबलवर रोमन अंकांतला सहा शोधावा. तो आंतरराष्ट्रीय कार्यक्षमतेचा दर्जा असून त्यानुसार ५० वॅटच्या आतल्या अडॅप्टरने भार नसताना ०.१ वॅटपेक्षा जास्त वीज घ्यायची नसते. बिननावाचे अडॅप्टर स्वस्त मिळते, पण दिवसरात्र सॉकेटमध्ये राहणाऱ्या वस्तूत ही काटकसर करू नये.

साधा एसएमपीएसच वापरायचा असेल तर मिळेल तो सर्वांत लहान, चांगल्या बनावटीचा घ्यावा. जिथे भारनियमनामुळे पीसी इन्व्हर्टरवर चालतो, तिथे आणखी एक काळजी हवी: ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची लहर सुधारणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर नीट चालत नाहीत, वीज गेली की पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो. साइनवेव्ह इन्व्हर्टरवर हा त्रास होत नाही.

डिस्क, रॅम, पंखा

ऑपरेटिंग सिस्टीमसाठी छोटी एसएसडी घ्यावी, हे आता वेगळे सांगायला नको. प्रश्न असतो चित्रपटांच्या साठ्याचा. साडेतीन इंची हार्डडिस्क नुसती फिरत राहिली तरी सुमारे पाच वॅट घेते, म्हणजे चोवीस तास चालवल्यास वर्षाला ४४ युनिट. अडीच इंची डिस्क एखाद्या वॅटवर भागवते. जुन्या पीसींतून काढलेल्या एकेक टीबीच्या तीन-चार डिस्क एकत्र लावून साठा करण्याचा मोह होतो, पण प्रत्येक डिस्क आपले स्वतंत्र पाच वॅट मागते, तेव्हा एकच मोठी डिस्क घेणे बरे. ती वापर नसताना थांबेल अशी वेळ लावून द्यावी. मात्र ही वेळ वीस-तीस मिनिटांपेक्षा कमी ठेवू नये, कारण पुन्हा पुन्हा थांबणे आणि सुरू होणे यांत डिस्क झिजते.

रॅम ८ जीबी पुरते. एन१०० ला एकच चॅनेल असल्याने एकच पट्टी लावायची असते. इतर प्रोसेसरना मात्र दोन पट्ट्या द्याव्यात, कारण अंगचे ग्राफिक्स याच रॅमवर जगते आणि फोरके एचडीआर (उजेड आणि रंगांचा पल्ला मोठा असलेले) चित्र साध्या टीव्हीच्या रंगांत उतरवताना त्याला तो वेग लागतो.

बिनपंख्याची पेटी मोहक असते आणि शांत संगीत ऐकताना तिचे मोल कळते, पण नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे जाते, आणि टीव्हीखालच्या बंद कपाटात त्याहून जास्त. तापलेली चिप त्याच कामाला जास्त वीज घेते, कारण तिच्यातून गळणारा विद्युतप्रवाह तापमानाबरोबर वाढतो. सावकाश फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा जेमतेम एक वॅट घेतो आणि ऐकू येत नाही. उष्ण गावांत मी तो लावण्याच्या बाजूने आहे.

सेटिंग आणि खातरजमा

भाग योग्य निवडूनही सेटिंगमुळे पाच-दहा वॅट हातचे जातात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, प्रोसेसरच्या सी-स्टेट (झोपेच्या पातळ्या) आणि पीसीआयच्या एएसपीएम (मोकळ्या जोडणीची वीज कमी करणे) या सुविधा चालू कराव्यात. अनेक बोर्डांवर त्या कारखान्यातून बंद किंवा अर्धवट येतात. संपूर्ण प्रोसेसर गाढ झोपेत जाण्यासाठी त्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाने संमती द्यावी लागते, आणि डिस्क जोडण्याचे एकच जुने साटा कार्ड किंवा टीव्ही ट्यूनर नकार देऊन सगळ्यांना जागे ठेवू शकते. लिनक्सवर पॉवरटॉप हे साधन चालवले की प्रोसेसर किती टक्के वेळ कोणत्या झोपेत असतो ते दिसते. खोल पातळ्यांसमोर शून्य दिसले, तर एकेक कार्ड काढून पुन्हा पाहावे.

त्यानंतर व्हिडिओ खरोखर सर्किटवर चालतो आहे ना, ते तपासावे. विंडोजवर टास्क मॅनेजरमधला तो डीकोडचा आलेख, लिनक्सवर इंटेलचे जीपीयू टॉप हे त्यासाठीचे साधन. ब्राउझरमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद असेल तर चांगला डीकोडरही स्वस्थ बसून राहतो. जुन्या यंत्रावर यूट्यूब कोअरवर पडत असेल तर एच.२६४ ची सक्ती करणारे एक्स्टेन्शन लावता येते. चित्र १०८० रेषांपुरते मर्यादित होते, पण यंत्र थंड राहते. कोडीमध्ये पडद्याचा रिफ्रेश रेट व्हिडिओप्रमाणे बदलण्याची सोय चालू ठेवावी, म्हणजे २४ चित्रांचा सिनेमा आणि २५ चित्रांचे दूरदर्शनचे जुने चित्रीकरण दोन्ही न अडखळता दिसतात.

राहिला बंद पीसीचा खर्च. युरोपच्या नियमांमुळे आलेली ‘ईआरपी’ नावाची सेटिंग बहुतेक बोर्डांवर असते. ती चालू केली की बंद असलेला पीसी अर्ध्या वॅटच्या आसपास किंवा त्याखाली येतो. तिची किंमत अशी की, यूएसबी पोर्टांना मिळणारी वीजही बंद होते आणि रिमोटच्या रिसीव्हरला पीसी जागा करता येत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना टीव्हीमागे हात घालून बटण दाबायला लावणे बरोबर नाही, म्हणून आमच्या घरी मी ईआरपी बंद ठेवले आहे आणि पीसी अर्ध्या तासाने आपोआप स्लीपमध्ये जाईल असे केले आहे. त्या अवस्थेत तो दीड वॅटच्या आत राहतो, म्हणजे वर्षाला फार तर १३ युनिट, आणि वडील रिमोटच्या एका बटणावर तो स्वतः सुरू करतात.